फेस त्यांचा, रेझर माझा



दाढीच्या साबणावर एका गृहिणीने लिहावं असं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण न्हाणीघरातल्या त्या फळीकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. तिथला ब्रश, वाटी, तुरटीचा खडा हे सगळं ह्यांचं. आता गेलं दीड वर्ष ती फळी माझ्याकडे आहे. ती कशी आली आणि तिच्यावरचा साबण कसा बदलला, ते सांगते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजारी नवरा, वडील किंवा सासरे असतील, तर काही गोष्टी कामाला येतील.

आमचे हे भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये चौतीस वर्षं होते. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातल्या दोन भागांचा फरक यांना बोटाला कळायचा, असं त्यांचे सहकारी सांगतात. पहिल्या पाळीला कंपनीची बस पहाटे यायची, तरी दाढी केल्याशिवाय माणूस घराबाहेर पडला नाही. निवृत्तीनंतरही तोच नेम. तीन वर्षांपूर्वी त्याच हाताला कंप सुरू झाला. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. शिवाय हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी आधीपासून चालू. त्यामुळे दाढी करताना जरा लागलं की तुरटी फिरवूनही रक्त लवकर थांबायचं नाही. टॉवेलवर डाग दिसायचे, विचारलं की "काही नाही गं" म्हणायचे.

मग दाढी चार-चार दिवस राहू लागली. आणि दाढी वाढली म्हणून मंदिरात जाणं टळू लागलं. "असं खुंट वाढवून भगवंतासमोर काय उभं राहायचं?" हे त्यांचं म्हणणं. तेव्हा मला कळलं की हा प्रश्न चार केसांचा नाही.

डॉक्टरांच्या सल्ल्याने विजेचं मशीन आणलं. ते सुरक्षित खरं, पण यांच्या मानेवरचे केस आडवे वाढतात. मशीन दोन-तीनदा फिरवावं लागे आणि कातडी लाल होई. डब्यातला तयार फोम वापरला, तर तो लावल्यावर मिनिटभरात सुकायचा आणि यांना चुणचुणायचं. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, ब्रश आणि साबणाने जुन्या पद्धतीने करून बघूया. हल्ली हाताने छोट्या घाण्यांत केलेले दाढीचे साबण मिळतात." तो चाकणला गाड्यांच्या कारखान्यात आहे. कामाला परदेशी जाणारे मित्र असतात, त्यांच्याकडून दोन साबण मागवले, दोन इथून. असे चार डबे घरात आले.

मी बी.कॉम. झाले आहे. ताळेबंद वाचताना आकड्यांपेक्षा खालच्या बारीक टिपा आधी वाचाव्यात, हे आम्हाला शिकवलं होतं. साबणाचंही तेच. पुढच्या बाजूला सुगंधाचं वर्णन असतं, खरा माल मागच्या बारीक अक्षरांत.

पहिला डबा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या ‘मिचेल्स वूल फॅट’चा. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. या साबणात लॅनोलिन आहे, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारा स्निग्ध पदार्थ. लोकर कातरल्याने मेंढी मरत नाही, असा मुलाचा मुद्दा होता. पण त्याच यादीत ‘सोडियम टॅलोएट’ हेही नाव होतं. टॅलो म्हणजे गुराढोरांची चरबी. ती कॉस्टिक सोड्याबरोबर शिजवली की सोडियम टॅलोएट होतं. जुन्या युरोपी दाढीच्या साबणांचा दाट फेस पुष्कळदा या चरबीचाच असतो. तो डबा बाजूला गेला. दुसऱ्यात मध आणि रेशीम. मद्य, मांस, मधु यांचा त्याग आपण श्रावकाच्या मूलगुणांत मोजतो. साबण काही खायचा नाही, हे मलाही कळतं, पण हात गेला नाही. रेशमाचं तर कोशातला जीव उकळून धागा निघतो, हे सांगायला नकोच.

माझ्या पिढीला चरबी हा शब्द नुसता वाचूनही धस्स होतं. १९८३ साली वनस्पती तुपात आयात केलेली गुरांची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं, तेव्हा कित्येक घरांतून डबेच्या डबे बाहेर काढले गेले. साबणाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे एक चांगली परंपरा आहे. मुंबईत आर्देशीर गोदरेज यांनी शंभर वर्षांपूर्वीच चरबी न घालता, वनस्पती तेलांपासून अंगाचा साबण केला होता. २०१४ मध्ये तर साबण-शाम्पूच्या वेष्टनावर हिरवा किंवा तांबडा ठिपका देण्याचा नियम आला. त्याच वर्षी प्राण्यांवर चाचणी केलेली सौंदर्यप्रसाधनं देशात आणायलाही बंदी झाली. दुकानात जाल तेव्हा आधी तो ठिपका शोधा.

यात एक खाच आहे. दाढीच्या साबणात स्टिअरिक ॲसिड भरपूर लागतं. ते पाम तेलातूनही काढतात आणि चरबीतूनही. यादीत दोन्हीला नाव एकच. म्हणून तिसऱ्या साबणवाल्यांना मी फोन करून विचारलं. त्यांनी "वनस्पतीचंच" असं नीट सांगितलं. त्यांचा साबण खोबरेल जास्त असलेला निघाला. फेस भराभर आणि मोठ्या बुडबुड्यांचा, पण तितक्याच लवकर बसणारा. वर यांच्या कातडीला कोरड पडली. खोबरेलाच्या साबणाचा हा स्वभावच आहे.

चौथा साबण कोकणातल्या एका बाईंनी घरी केलेला. त्यात एरंडेल, स्टिअरिक ॲसिड आणि कोकमाचं तेल. हेच आपलं मुठेल, थंडीत टाचांच्या भेगांना लावतात ते. कोकमाच्या बियांच्या या तेलात स्टिअरिक ॲसिड मुळातच खूप असतं, म्हणून ते गारठ्याशिवायही गोळ्यासारखं घट्ट राहतं. चरबीने जो दाटपणा येतो, तो या बियांतूनही येतो. त्यांनी सोड्याबरोबर पोटॅशचा क्षारही वापरला होता. नुसत्या सोड्याने साबण टणक होतो, पोटॅशने मऊ होतो आणि पाण्यात पटकन उतरतो. हा साबण यांना मानवला.

ब्रशचंही पाहावं लागलं. भारी ब्रश बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचे असतात आणि स्वस्तातले बरेच डुकराच्या केसांचे. पंचेंद्रिय जीवाचे केस रोज गालावर कशाला फिरवायचे? कृत्रिम धाग्याचा ब्रश घेतला. तो भिजत घालावा लागत नाही, साबण कमी पितो आणि लवकर वाळतो.

इतकं करूनही पहिल्या आठवड्यात फेस काही धरेना. वाटीत दही फाटल्यासारखे कण. साबण तोच, पण एके दिवशी फेस होई, दुसऱ्या दिवशी नाही. मी हिशेबाच्या वहीत तारखा मांडल्या तेव्हा उलगडा झाला. नोव्हेंबर २०१९ पासून आपल्या शहराला दिवसाआड पाणी आहे. पवना धरणाचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून निगडीला शुद्ध होऊन येतं, ते गोडं. ज्या दिवशी ते संपतं, त्या दिवशी सोसायटीच्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचं. आपल्याकडच्या काळ्या कातळातून आलेलं बोअरचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून ठेवतं आणि न विरघळणारा चोथा होतो. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो, तोच हा. मोशी-चाकणकडे राहणाऱ्यांना हे रोजचंच असेल. उपाय सोपा आहे. फेसासाठी पाणी लागतं चार-पाच चमचे. ते पिण्याच्या पाण्यातलं, गाळलेलं घ्यायचं. बाकी तोंड धुवायला बोअरचं चालतं.

फेस म्हटलं की आपल्या भागात आधी आठवते आळंदीची इंद्रायणी. सांडपाण्याने आणि कारखान्यांच्या पाण्याने तिच्यावर पांढरे ढीग तरंगतात, त्याचे फोटो आपण पाहतो. म्हणून घरातून नाल्यात काय आणि किती जातं, याकडेही मी बघू लागले. वाटीतला फेस पुरेल एवढाच करायचा, हा नेम त्यातून आला.

आता कृती. ब्रश कोमट पाण्यात बुडवून चांगला झटकायचा. डब्यातल्या साबणावर अर्धा मिनिट गोल फिरवायचा, दाट चिकट लगदा ब्रशला लागेपर्यंत. मग तो वाटीत घ्यायचा आणि अर्धा-अर्धा चमचा पाणी घालत फेटायचं. एकदम पाणी ओतलं तर संपलं. बुंदीचं पीठ भिजवताना आपण जसं थेंब-थेंब अंदाज घेतो, तसं. मोठे बुडबुडे दिसले तर साबण कमी आहे. फेस निस्तेज आणि कोरडा दिसला तर पाणी कमी. ओघळला तर पाणी जास्त. चक्का साखर घालून फेटल्यावर श्रीखंडाला जी तकाकी येते, ती आली आणि बुडबुडा डोळ्यांना दिसेनासा झाला की झालं. दाढीच्या साबणाचं काम फुगणं नव्हे, गालावर पाणी धरून ठेवणं. त्या पाण्याने केस मऊ होतात आणि पातं न अडखळता सरकतं. लावल्यावर दोन मिनिटं थांबायचं. ही दोन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची.

खर्चाचंही सांगते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर साबण तोलला. दहा दाढ्यांना १२ ग्रॅम गेला. १०० ग्रॅमचा डबा ५५० रुपयांना, म्हणजे सुमारे ८३ दाढ्या, दर दाढीला साडेसहा रुपये. फोमचा डबा २६० रुपयांचा, तीस दाढ्या, म्हणजे साडेआठच्या पुढे. किराणा दुकानातला हिरव्या ठिपक्याचा साधा गोल साबण तर रुपया-सव्वा रुपयात बसतो आणि नीट फेटला तर फेसही चांगला देतो. नाजूक कातडी नसेल तर तोच घ्या.

सुरुवातीला मीच फेटायचे, मीच लावायचे, मीच दाढी करायचे. हे खुर्चीत डोळे मिटून बसायचे, एखादी शिक्षा सोसावी तसे. एक दिवस दुधाला उकळी आली म्हणून मी वाटी यांच्या हातात देऊन आत पळाले. परत आले तर हे फेटत होते. मन लावून, एका लयीत. मी उभी राहून बघत होते. मांडीवर नुसता ठेवलेला जो हात सारखा कापतो, तो ब्रश फिरवताना बराच स्थिर होता.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या आजारात हात स्वस्थ असताना जास्त कापतो, काही करायला घेतलं की पुष्कळदा कंप कमी होतो. पण बारीक काम मंदावतं, म्हणून पातं तुम्हीच धरा.

तेव्हापासून वाटणी ठरली आहे. फेस त्यांचा, रेझर माझा. आणि फेसात ते माझ्यापेक्षा कितीतरी वरचढ आहेत. पाण्याचा चमचा मी धरते, हे "अजून अर्धा" किंवा "बस" सांगतात. रेझर धरल्यावर तर टूलरूमच सुरू होते. "दाबू नकोस, त्याच्या वजनानेच जाऊ दे." "कोन बघ, उभा झालाय." पूर्वी या आवाजात नवी पोरं तयार झाली असतील, आता माझी पाळी. मीही उत्तर देते, "अहो, तोंड मिटा, नाहीतर ओठाला लागेल."

गेल्या चार महिन्यांत दोनदाच लागलं, तेही ओरखड्यापुरतं. रविवारी आणि अष्टमी-चतुर्दशीला हे मंदिरात येतात. पायऱ्या चढताना माझा हात धरतात, वर पोचले की सोडतात.

ज्यांच्या घरी असा माणूस आहे, त्यांना एवढंच सांगेन. सगळं काम त्यांच्या हातून काढून घेण्याआधी त्या कामाचे तुकडे करून बघा. एखादा तुकडा अजून त्यांच्या हाताला जमणारा असतो.