नाक, सजदा आणि समाधान

मराठीत नाक म्हणजे अब्रू. ते कापलं जातं, मुठीत धरावं लागतं, वर करून मिरवता येतं. पण त्याच नाकाने श्वासही घ्यायचा असतो, हे आपण विसरतो.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एका मराठी माणसाची हकिगत छापून आली. कावसजी त्याचं नाव. इंग्रजी फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापण्यात आला. मुसलमान म्हणून मी हे वाक्य गाळणार नाही. आणि कुणी एवढंच वाचून थांबूही नये, कारण गोष्ट पुढे आहे.

वर्षभर कावसजी बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नाक बसवलं. मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक करून माप घेतलं, तो पत्रा कपाळावर सपाट ठेवून रेघ आखली आणि तेवढी कातडी सोडवली. फक्त दोन डोळ्यांमधली चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवली, म्हणजे रक्त वाहतं राहील. कातडी पिळून खाली आणली, कडा खाचेत बसवल्या, वर काताच्या लेपाच्या चिंध्या लावल्या. चार दिवसांनी तुपात भिजवलेली फडकी. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास पट्टी कापली. याच पद्धतीने जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली.

नवं नाक पक्कं बसतं, जवळजवळ मूळच्यासारखं दिसतं, असं त्या लेखात आहे. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचं चित्रही काढलं. पण ते नाक कावसजीला कसं वाटलं? त्याबद्दल एक ओळ नाही. नाक बसवणाऱ्याचं तर नावसुद्धा नाही.

इथे मला हदीसमधले अरफजा आठवतात. कुलाबच्या लढाईत त्यांचं नाक गेलं होतं. चांदीचं बसवलं, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना सोन्याचं बसवून घ्यायला सांगितलं. पुरुषाला सोनं वर्ज्य, तरीही. अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. नाक दिसतं कसं, यावर तिथे चर्चा नाही. माणसाला त्रास होतोय, एवढं पुरलं.

आजकाल डॉक्टर रुग्णाचं समाधान मोजतात. नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी सहा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते: नाक आवडतं का, श्वास नीट घेता येतो का, जवळच्या माणसांना ते आवडतं का, पुन्हा बदलावंसं वाटतं का, वगैरे. चांगली गोष्ट आहे. कावसजीला इतकंही कुणी विचारल्याची नोंद नाही.

माहीमला आमच्या आपाच्या नाकाचा वाकडा पडदा गेल्या वर्षी सरळ केला. बघायला येणाऱ्या बायका निराश व्हायच्या. "नाक तर तसंच आहे गं!" एवढा खर्च करून चेहऱ्यात फरक नाही, हे त्यांना पटेना. आपाची तक्रार वेगळी होती. डॉक्टरांनी खाली वाकायला मनाई केली होती, त्यामुळे नमाज खुर्चीवर बसून, इशाऱ्याने. सजद्यात कपाळाबरोबर नाकही जमिनीला टेकवायचं असतं, आणि तेच नेमकं बंद. वुजू करताना नाकात पाणी ओढायचीही भीती.

परवानगी मिळाली त्या दिवशी फजरला तिने बराच लांब सजदा केला. नंतर मी विचारलं, "कसं वाटतंय?"

ती म्हणाली, "पूर्वी सजद्यात दम कोंडायचा, म्हणून तसबीह घाईने उरकायचे. आज सावकाश म्हटली. आणि हो, शेजारी बोंबील भाजतायत."

हा प्रश्न कुठल्या प्रश्नावलीत घालायचा ते डॉक्टरांनी ठरवावं. पण रुग्णाला विचारायला हवं, आणि त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायला हवं.