लाखाची गोष्ट, भंगाराचा भाव

संध्याकाळची आसनगाव लोकल कल्याण सोडते. शहाड, आंबिवली, टिटवाळा मागे पडतात तशी गर्दी सैल होते. खिडकीशी बसलेला चाकरमानी मोबाइल आडवा धरून एकटाच खुदकन हसतो. पडद्यावर राजा परांजपे आणि राजा गोसावी; चित्रपट 1952चा 'लाखाची गोष्ट'. चित्र पुसट, आवाज खरखरीत. शेजारचा डोकावतो, आणि वासिंद येईपर्यंत एक इअरफोन त्याच्या कानात गेलेला असतो.

लाख रुपये उधळून दाखवायची पैज, आणि ती लावलेली कफल्लकाशी! जुन्या मराठी विनोदाची गंमत इथेच आहे. खिसा फाटका असतो, पण इस्त्री मोडलेली नसते. मास्टर विनायकांनी 1940 साली 'लग्न पहावे करून'मधून चि. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ पडद्यावर आणले, तेही असेच घरोघरचे. 1960च्या 'जगाच्या पाठीवर'मध्ये हसता हसता डोळे कधी भरून येतात, ते कळतही नाही.

ही जात फक्त आपल्याकडची नव्हे. इंडोनेशियात उस्मार इस्माइल यांच्या 'तिगा दारा'तली आजी थोरल्या नातीच्या लग्नाच्या काळजीने हैराण आहे. भाषा काढून टाकली तर ते घर सदाशिव पेठेतही खपेल. 1950च्या दशकातली ही फिल्म दुरुस्त होऊन 2016 साली पुन्हा थिएटरात लागली.

सगळ्यांच्या नशिबी हे नसतं.

जुनी नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई. नंतरच्या अॅसिटेट फिल्मचा डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबूस भपका येतो. फिल्म आक्रसते, वाकडी होते. उरलेलं काम भंगारवाल्यांनी केलं. रिळं धुऊन त्यांतली चांदी काढली जाई. 1931चा 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट, पण त्याची एकही प्रत आज नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं ते 1964 साली, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'नंतर एक्कावन्न वर्षांनी. तोवर हसण्यापेक्षा चांदीलाच भाव होता.

मुरबाडजवळ म्हशाच्या जत्रेत बैल मिळतो, घोंगडी मिळते; हरवलेलं रीळ मिळत नाही. जत्रेत सिनेमा दाखवणाऱ्या कुणा जुन्या तंबूवाल्याच्या माळ्यावर गंजके डबे असतील, तर भंगारात घालण्याआधी पुण्याला एक पत्र टाकावं.