आंबेनळी ते वाई, काट्यावर नजर ठेवून

पोलादपूर सोडलं की आंबेनळी घाट सुरू होतो. महाबळेश्वर साधारण चाळीस किलोमीटर, आणि जवळजवळ सगळा चढच. खाली सावित्रीचं खोरं, वर डिसेंबरातलं स्वच्छ आभाळ. पण प्रतापगडाचा फाटा यायच्या आत तापमानाचा काटा वर सरकला आणि माझं लक्ष दरीवरून उडालं.

एसी बंद केला, काचा उघडल्या, हीटर पूर्ण सोडला. हीटर म्हणजे डॅशबोर्डामागचा छोटा रेडिएटरच. इंजिनाची थोडी उष्णता तोही ओढून घेतो. झोत मात्र गार आला. काट्यापेक्षा मला त्याचीच जास्त धास्ती वाटली. कूलंट हीटरपर्यंत पोचतच नव्हतं.

फाट्यावरच्या चहावाल्या मामांनी लगेच पाण्याची बाटली पुढे केली. "ओता की!" म्हणाले. पण गरम इंजिनाच्या टाकीचं टोपण उघडणं म्हणजे तोंडावर वाफ घेणं. त्या टोपणाचं काम नुसतं झाकायचं नसतं. ते आत साधारण एक बार दाब धरून ठेवतं, आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वराच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. म्हणजे गळतीनं पाणी तर जातंच, पण दाबही जातो, आणि उरलेलं पाणी लवकर खदखदू लागतं.

चहा झाला, इंजिन निवलं, बाटली रिकामी झाली. गाडीखाली वाकून पाहिलं तर जमीन कोरडी ठणठणीत.

पुढे थांबत, भरत महाबळेश्वर गाठलं. जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारी धार बघत बायको म्हणाली, "इथे पाच नद्या उगम पावतात, आणि आपल्या टाकीत लिटरभर टिकत नाही." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. वाईपर्यंत मात्र चिंता कमी होती. पसरणीचा घाट उताराचा. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन फारसं तापत नाही. धोमचं पाणी डावीकडे चमकत होतं आणि काटा जागेवर होता.

वाईतल्या गॅरेजवाल्या काकांनी आधी बॉनेट उघडलंच नाही. "धूर पांढरा येतो का? टाकीत बुडबुडे?" ऑइलची पट्टी काढून बोटावर घासली. ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं. "हेड गॅस्केट दिसत नाही. नशीब तुमचं." मग थंड इंजिनावर, टोपणाच्या जागी घड्याळ असलेला हातपंप बसवला आणि दाब भरला. घड्याळाचा काटा हळूहळू उतरू लागला. थेंब तरीही दिसेना.

"थेंब नाही, डाग शोधायचा," काका बॅटरी तोंडात धरून पुटपुटले. इंजिनाच्या मागे, हीटरच्या पाइपातल्या प्लास्टिकच्या जोडापाशी त्यांनी छोटा आरसा धरला. तिथे गुलाबीसर पांढरी खपली जमली होती. जोडाला केसाएवढी चीर. त्यातून झिरपलेलं कूलंट खालच्या तापलेल्या गिअरबॉक्सवर पडून तिथेच वाळत होतं, म्हणून जमीन कोरडी. अशा ठिकाणी प्लास्टिक का वापरतात, याचं उत्तर मला कंपन्यांच्या हिशेबवहीतच दिसतं.

जोड वाईत मिळेना. काकांनी लेथवाल्याकडून पितळी जोड कातून आणवला. दोन्ही टोकांना बारीक कड ठेवायला बजावलं होतं, नाहीतर दाबाखाली पाइप निसटतो. नवीन क्लिपा आवळल्या, पुन्हा दाब भरला. या वेळी घड्याळ हललं नाही. मग अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्याला त्यांनी ठाम नकार दिला, क्षार साचतात म्हणून. हीटर पूर्ण गरमवर, टोपण उघडं, थंड इंजिन नुकतंच चालू केलेलं. बुडबुडे येत राहिले, पातळी खाली जात राहिली, ते ओतत राहिले. अखेर हीटरमधून खरोखर गरम झोत आला तेव्हा बायकोनं मागच्या सीटवरची स्ट्रॉबेरीची पेटी घाईघाईनं बाजूला घेतली.

"दोन दिवसांनी सकाळी, गाडी थंड असताना लेव्हल बघा," काका पितळी भुगा हातावरून झटकत म्हणाले. "जराशी उतरली तर घाबरू नका, राहिलेली हवा निघते. परत उतरली, तर मात्र थेट इकडे या."

आम्ही सुरूर फाट्याच्या रस्त्याला लागलो.