न्यावें कीं ठेवावें?

बदलीचा हुकूम हातांत पडला म्हणजे माणसाला आपल्या संसाराची खरी मोजदाद करावी लागते. एरवीं घरांत नुसत्या असणाऱ्या वस्तु त्या दिवसापासून 'न्यावयाच्या' आणि 'ठेवावयाच्या' अशा दोन वर्गांत पडतात. साताऱ्याहून दिल्लीस बिऱ्हाड हलवावयाचें ठरलें, तेव्हां आमच्या घरीं हेंच झालें. पितळी बंब ठेवावयाचा, जातें ठेवावयाचें, झोपाळा ठेवावयाचा, वडिलांचीं पुस्तकें निम्मीं न्यावयाचीं. आठ दिवसांच्या आंत सारी वांटणी उरकली. निर्जीव वस्तूंची एक गोष्ट चांगली असते. त्यांच्याविषयीं निर्णय घेत असतां त्या आपल्या तोंडाकडे पाहात बसत नाहींत.

मोती मात्र पाहात बसे. मोती हा आमचा कुत्रा. जात विचाराल तर शुद्ध गांवठी, रंग पुष्कळ धुतलेल्या धोतरासारखा, वय अकरा. वडील निवृत्त झाले त्या वर्षीं अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर तो त्यांच्या मागें लागला आणि घरीं आला. पुढें सात वर्षें त्या दोघांनीं तीच वाट रोज संध्याकाळीं तुडविली. वडील गेल्यावरहि साडेपांच वाजले कीं तो फाटकाशीं जाऊन बसे. प्रथम चार-सहा दिवस आम्हीं तें पाहून न पाहिल्यासारखें केलें. मग एके दिवशीं आईनेंच पायांत चपला सरकविल्या आणि म्हणाली, "चल बाबा, मी येतें कोपऱ्यापर्यंत." तेव्हांपासून चार वर्षें तो कोपरा चुकला नाहीं.

घरांतील दुसरा जीव म्हणजे मनी. ती आमच्या घरीं राहात होती कीं आम्ही तिच्या घरीं राहात होतों, हा प्रश्न मला कधींच सोडवितां आला नाहीं. दूध ती आमच्याकडे पिई, दुपारची झोंप शेजारच्या काकूंच्या पडवींत घेई, आणि रात्रीं कोठें असे तें तिचें तिलाच ठाऊक.

मी पेशानें हिशेबनीस. कोणताहि प्रश्न पुढें आला कीं आधीं माहिती गोळा करावयाची, हा माझा शिरस्ता. त्याप्रमाणें मीं चौकशीस आरंभ केला. सातारा ते दिल्ली हें अंतर सुमारें 1500 किलोमीटर. माणसाला तें झोपेंत काढतां येतें. कुत्र्याला येत नाहीं. रेल्वेचा नियम असा कीं, कुत्र्याला आपल्याजवळ डब्यांत घ्यावयाचें तर वातानुकूलित पहिल्या वर्गांतील दोन किंवा चार बर्थची अख्खी खोली आपल्या नांवावर असली पाहिजे. नाहीं तर गार्डाच्या डब्यांतील पेटींत त्याची रवानगी होते. बरें, तिकिटें काढलीं तरी ती खोली आपल्या वांट्यास आली कीं नाहीं, हें गाडी सुटण्यापूर्वी कांहीं तास आधीं यादी तयार होते तेव्हां कळतें. बदली मे महिन्यांतली. त्या उन्हांत, त्या पेटींत, अकरा वर्षांच्या कुत्र्याला कोंडण्याची कल्पनाहि करवेना. विमानानें न्यावें तर बहुधा मालाच्या कप्प्यांत. आणि त्याला भीति वाटूं नये म्हणून गुंगीचें औषध द्यावें म्हटलें, तर त्याचा परिणाम श्वासावर आणि रक्तदाबावर होतो म्हणून पशुवैद्य तेंच देऊं नका म्हणतात. मोटारीनें न्यावें तर तीन दिवसांची दगदग.

मांजराचें शास्त्र निराळें. नव्या घरीं नेल्यावर त्याला दोन-तीन आठवडे दाराबाहेर सोडूं नये, नाहीं तर तें जुन्या घराच्या शोधांत निघतें, असें जाणते लोक सांगतात. कुत्रें माणसाचें आणि मांजर घराचें, ही तर आपली जुनी समजूत. 2019 सालीं अमेरिकेंतील ओरेगॉन राज्य विद्यापीठांत कांहीं प्रयोग झाले. त्यांत सुमारें दोन-तृतीयांश मांजरें आपल्या धन्यावर तान्ह्या मुलासारखीं विसंबून असतात असें दिसून आलें. तें मीं वाचलें. परंतु मनीकडे पाहून ती उरलेल्या एक-तृतीयांशांतली असावी, असें मीं मनाशीं ठरवून टाकलें. सोयीचें असतें तेव्हां माणसाला शास्त्रापेक्षां समजूतच अधिक पटते.

अशा वेळीं आपल्याकडे युधिष्ठिराची आठवण व्हावयाचीच. मोतीचा प्रश्न ऐकून ज्यानें त्यानें मला तीच कथा सांगितली. महाप्रस्थानाच्या वेळीं धर्मराजानें कुत्र्याला मागें सोडून स्वर्गांत पाऊल टाकण्याचें नाकारलें, आणि अखेर तो कुत्रा म्हणजे साक्षात् धर्मच निघाला. कथा थोर आहे. पण मला ती फारशी उपयोगी पडली नाहीं. एक तर तो कुत्रा हस्तिनापुराहून आपण होऊन मागोमाग आला होता. त्याला कोणीं पेटींत घातलें नव्हतें. दुसरें, स्वर्ग नाकारावयास एक क्षण पुरतो. सरकारी वसाहतींतला तिसरा मजला असा नाकारतां येत नाहीं. आणि तिसरी गोष्ट, जी त्या वेळीं मला केवळ गंमतीची वाटली होती, ती अशी कीं, इंद्राचा आणि युधिष्ठिराचा एवढा वाद झाला, पण त्या कुत्र्याला स्वर्गांत यावयाचें आहे कीं नाहीं, हें दोघांपैकीं एकानेंहि विचारलें नाहीं!

याच्या अगदीं उलट उदाहरण लंडनचें. 1939 च्या सप्टेंबरांत महायुद्ध सुरू झालें. पाळीव जनावरांना खेड्यांत पाठवा, तें न जमल्यास त्यांचा अंत करणें हीच दया, अशा अर्थाचें पत्रक आधींच घरोघर पोंचलें होतें. शहरावर एकहि बाँब पडला नसतां पहिल्याच आठवड्यांत लाखों कुत्रीं-मांजरें त्यांच्या धन्यांनींच नेऊन मारविलीं. उलट 2005 सालीं कॅट्रिना वादळांत न्यू ऑर्लिन्स शहर बुडालें, तेव्हां आपल्या जनावरांना टाकून सुटकेच्या होडींत चढावयास कित्येकांनीं नकार दिला. आणि आपत्तीच्या योजनेंत पाळीव जनावरांचीहि सोय धरली पाहिजे, असा कायदा पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत झाला. दोन्हीं ठिकाणीं माणसें प्रेमळच होतीं. फरक एवढाच कीं, एका ठिकाणीं भीतीनें घाईघाईनें ठरविलें, आणि दुसऱ्या ठिकाणीं कोणीं ठरवावयास बसलेंच नाहीं.

मी मात्र ठरवावयास बसलों. एके रात्रीं कागद घेऊन मधोमध रेघ ओढली. एका बाजूस लिहिलें 'न्यावें', दुसऱ्या बाजूस 'ठेवावें'. 'ठेवावें' या बाजूची यादी भराभर वाढली: वय झालें. तिकडचा उन्हाळा सोसणार नाहीं. तिसऱ्या मजल्याचा जिना चढवणार नाहीं. दिवसभर घरांत एकटें राहावें लागेल. ओळखीचें कोणी नाहीं. सारें आयुष्य येथें गेलें. येथें शेजारीं सांभाळणारीं माणसें आहेत. 'न्यावें' या बाजूस बराच वेळ विचार करून मीं एकच ओळ लिहिली: आम्हांला करमणार नाहीं. बेरीज उघड होती. मीं कागदाची घडी केली, वाचीत असलेल्या पुस्तकांत खुणेला घातली आणि निजलों.

त्यानंतरचे तीन-चार दिवस आई फार शांत होती. बांधाबांधीच्या गडबडींत तें मला जाणवलें नाहीं, पत्नीला जाणवलें. "आईंचें कांहीं तरी बिनसलें आहे, तुम्ही जरा बोला," असें ती मला म्हणालीहि. मीं 'बघूं' म्हणून तें पुढें ढकललें. चौथ्या दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर आईच माझ्यापाशीं येऊन बसली.

"मी म्हणतें, मी येथेंच राहातें," ती म्हणाली. "शेजारच्या काकू आहेत, त्यांची सून आहे. माझें एकटीचें असें लागतें तरी किती?"

मी चकित झालों. "हें कोठून काढलेंस एकदम?"

"एकदम कशाला? तूंच लिहिलें आहेस कीं. आणि खोटें त्यांत कांहींच लिहिलें नाहींस."

क्षणभर मला कांहीं उमजेना. मग तो कागद आठवला. त्यावर मीं नांव कोणाचेंच घातलें नव्हतें! मला हसूं लोटलें. "अग आई, तो कागद मोतीचा! तुझा नव्हे!" आईहि हसली. पदरानें डोळे पुसून पुष्कळ वेळ हसली. दारांत पडलेल्या मोतीनें आपलें नांव ऐकून शेपूट हलविली. आतां सारें निवळलें, असें मला वाटलें. तोंच तिचें हसूं थांबलें.

"म्हणजे माझ्यासाठीं कागद केलाच नव्हतास?"

मला उत्तर देतां आलें नाहीं.

"मोतीला न्यावें कीं ठेवावें, याचा तूं रात्रभर विचार केलास. माझा कोणीं केला?" तिच्या आवाजांत राग नव्हता, एखादी आंकड्यांतली चूक दाखवावी तशी ती बोलत होती. "मी यायचीच, असें तुम्हीं धरून चाललांत. बंबाचें नि जात्याचें तरी मला विचारलेंत."

तें खरें होतें. आईला दिल्लीस न्यावयाचें ह्याविषयीं माझ्या मनांत कधीं शंकाच आली नव्हती, आणि ह्यालाच मी माझी मातृभक्ति समजत होतों. वृद्ध आईला एकटें न सोडणारा मुलगा म्हणून दोघां-तिघांनीं माझी पाठहि थोपटली होती. पण ज्या घरांत तिनें बेचाळीस वर्षें काढलीं, तें सोडून यावयाचें आहे का, असा प्रश्न मीं तिला एकदांहि केला नव्हता. मोती बोलूं शकत नव्हता म्हणून त्याच्यासाठीं मीं दोन्हीं बाजू मांडल्या. आई बोलूं शकत होती, तिला बोलावयास मात्र जागा ठेविली नव्हती.

त्या रात्रीं मीं तिला विचारलें. ती म्हणाली, "दोन दिवस दे." दोन दिवसांत ती देवळांत जाऊन आली, काकूंकडे बसून आली, मोतीला घेऊन नेहमींच्या कोपऱ्याच्याहि पुढें, वडील जात त्या वाटेनें थोडी चालून आली. तिसऱ्या दिवशीं तिनें निकाल दिला. मी येईन, पण उन्हांत नाहीं. तुम्ही पुढें जा, घर लावा, मी दिवाळीनंतर थंडी पडतां पडतां येईन. मोती माझ्याबरोबर येईल; तोंवर तो आणि मी एकमेकांना सांभाळूं. मनीला हलवूं नका, तिला काकूंची पडवी आहे. माझ्या कागदावर यांतलें एकहि कलम नव्हतें. 'न्यावें' आणि 'ठेवावें' यांच्यामध्यें 'थांबावें' असाहि एक रकाना असतो, हें त्या दिवशीं मला कळलें.

नोव्हेंबरांत मी त्यांना आणावयास गेलों. पशुवैद्याचा दाखला घेतला, मुंबईस येऊन स्टेशनावर यादीची वाट पाहिली, आणि दैवानें दोन बर्थची खोली मिळाली. मोती सारी वाट आईच्या बर्थखालीं, तिच्या जुन्या लुगड्याच्या घडीवर पडून होता. कोठल्याहि स्टेशनावर गाडी थांबली कीं डोकें उचलून तो आई जागेवर आहे ना एवढें पाही, आणि पुन्हां डोकें टेकी.

दिल्लींत तो पावणेदोन वर्षें जगला. जिना त्याला खरोखरच चढवेना. सकाळ-संध्याकाळ मी त्याला उचलून वर-खालीं नेत असें. आईला हिंदी बेताचेंच येई. पण साडेपांचला ती मोतीला घेऊन खालीं उतरली कीं वसाहतींतलीं मुलें आणि म्हाताऱ्या बायका भोंवतीं जमत, आणि मोतीच्या निमित्तानें सुरू झालेलें बोलणें हळूहळू तिच्याशीं होऊं लागे. मोती गेला तेव्हां तीं सारीं घरीं येऊन बसलीं. 'ओळखीचें कोणी नाहीं' ही माझी ओळ तिनें आणि त्यानें मिळून खोडून काढली होती.

मनीविषयीं मात्र एक गोष्ट सांगावयाची राहिली. आई निघून आल्यावर महिन्याभरानें काकूंचा फोन आला. बोलतां बोलतां त्या सहज म्हणाल्या, "मनी आतां रुळली हो. पहिले आठ दिवस तेवढी तुमच्या बंद दाराच्या पायरीवरून उठेना. दूध नेऊन ठेवलें तर पिई, पण जागा सोडीना."

ती घराची म्हणून आम्हीं तिला घरापाशीं ठेविली होती. आणि तिनें आठ दिवस वाट पाहिली ती उघडणाऱ्या हातांची. मोतीच्या बाबतींत आम्ही चुकलों नाहीं, असें मला म्हणतां येतें. आईचें तिनें स्वतःच ठरविलें. पण त्या आठ दिवसांची नोंद कोणत्या रकान्यांत करावयाची, हें मला अजून सुचलेलें नाहीं. तो कागद मीं टाकला नाहीं. पुस्तकांत तसाच आहे. केव्हां केव्हां तो उघडतों आणि तशीच घडी करून ठेवतों.