अनाहूत पाहुणे

घरी पाहुणा आला म्हणजे त्याला आधी पाण्याचा तांब्या द्यावा आणि मग क्षेमकुशल विचारावे, अशी आमच्या गावची रीत आहे. परंतु काही पाहुणे असे असतात, की ते न विचारता येतात, न सांगता राहतात आणि यजमानाच्या रक्तावरच पोसले जातात. अशा पाहुण्यांनी एका पावसाळ्यात मला जो धडा दिला, तो आयुष्यभर शिकविण्याचा व्यवसाय करूनही मला ठाऊक नव्हता.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरी हे माझे गाव. सभोवार धानाच्या बांध्या, जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आणि पलीकडे सागाचे जंगल. येथे जनावरांवाचून घर ही कल्पनाच कोणाला रुचत नाही. गोठ्यात बैलजोडी, अंगणात कोंबड्या, ओसरीवर कुत्रा आणि चुलीजवळ मांजर असल्याखेरीज घर भरल्यासारखे वाटत नाही. मुख्याध्यापकपदावरून मी निवृत्त झालो, तेव्हा आमच्या घरी मोती नावाचा एक तांबूस कुत्रा होता. पुढे माझ्या नातीने एका भिजलेल्या संध्याकाळी आपल्या फ्रॉकमध्ये गुंडाळून मांजराचे एक पिल्लू आणले. त्याच्या डोळ्यांवरून तिने त्याचे नाव मणी ठेवले. मणी तिच्या उशाशी निजे, तिच्या पाटीवर बसे आणि ती शाळेतून येण्याच्या वेळी फाटकाच्या खांबावर जाऊन तिची वाट पाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सर्वजण दीड महिना नागपूरला मुलीकडे जाऊन राहिलो. मणीला शेजारणीने सांभाळले आणि मोतीला आमच्याकडे दूध घालणाऱ्या वृद्ध गुराख्याने आपल्या गोठ्यात ठेवून घेतले. मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर आम्ही परतलो. कुलूप काढले, दार उघडले आणि मी माजघरात पाऊल ठेवले. पाच मिनिटांच्या आत माझ्या पांढऱ्या धोतरावर काळे ठिपके उड्या मारू लागले. पोटऱ्यांना आग लागल्यासारखे झाले. नात ओरडत अंगणात पळाली. दीड महिना ज्या घरात माणूस नव्हता की जनावर नव्हते, त्या घरात पिसवांची एवढी फौज आली कोठून? मला काही उमगेना.

मी माझ्या परीने उपाय सुरू केले. मोतीला विहिरीवर नेऊन साबणाने घासूनपुसून धुतले. दोन दिवस तो बरा राहिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा कान झाडू लागला. मी त्याला पुन्हा धुतले. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी दूध घेऊन आलेला तो वृद्ध गुराखी क्षणभर उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, कुत्र्याले धुऊन का होते? पयले घर धुवा!"

मी हसलो. खरे सांगायचे तर, मला थोडा रागच आला. उभ्या जन्मात शाळेची पायरी न चढलेल्या माणसाने मला स्वच्छतेचा पाठ द्यावा, हे मनाला रुचले नाही. परंतु त्या रात्री खाजेमुळे झोप येईना, म्हणून मी पुस्तके काढून बसलो आणि मध्यरात्रीपर्यंत माझा राग पार मावळला. म्हातारा अगदी बरोबर बोलला होता.

पिसू जनावराच्या अंगावर राहते, एवढेच आपण जाणतो. परंतु तिची अंडी अंगावर टिकत नाहीत. ती मिठाच्या कणांसारखी गळून सतरंजीत, तणसात आणि जमिनीच्या भेगांत पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या धुळीवर आणि मोठ्या पिसवांच्या रक्तमिश्रित विष्ठेवर वाढतात व स्वतःभोवती कोश विणतात. अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे केवळ उंबरठ्यावर आलेली मंडळी. त्यांचे खरे कुटुंब घरातच दडलेले असते. कोशातील पिसू तर फार धोरणी. बाहेर भक्ष्य नसेल, तर ती आठवडेच्या आठवडे, कधी काही महिनेही, आत स्वस्थ पडून राहते. जमिनीवर पाऊल वाजले, ऊब जाणवली, की कोश फुटतो आणि ती बाहेर झेप घेते. आमच्या बंद घरात दीड महिना हेच चालले होते. मी दार उघडले आणि माझ्याच पावलांनी त्यांना जागे केले.

गोचिडीची तऱ्हा निराळी. कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचीड आपल्या आयुष्यात तीनदा रक्त पिते. प्रत्येक वेळी पोट भरले, की ती गळून पडते, भिंतीवर चढते आणि फटीत जाऊन कात टाकते. शेवटच्या वेळी टरारून फुगलेली मादी अशाच एखाद्या भेगेत हजारो अंडी घालते आणि मरते. मग आम्ही मोतीच्या अंगावरच्या शंभर गोचिडी काढल्या, तरी भिंतीतील हजारांचे काय?

वाचता वाचता मला जुन्या गोष्टी आठवल्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला व १८९७ मध्ये त्याने पुण्यात हाहाकार माजविला. गावोगावी उंदीर पडू लागताच लोक घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहत. पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. हा रोग उंदरावरून माणसाकडे कसा येतो, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसू ही त्यातील दुवा आहे, असे दाखवून दिले. त्याचे म्हणणे विद्वानांनी लगेच मानले नाही. पुढे मुंबईत झालेल्या प्रयोगांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. सावित्रीबाईंच्या मृत्यूनंतर जेमतेम एका वर्षाने ही गोष्ट हाती यावी, याची मला त्या रात्री फार हळहळ वाटली.

अमेरिकेतही असेच घडले. तेथील गुरांना येणारा एक घातक ताप गोचिडीमुळे येतो, असा संशय गुरे पाळणाऱ्या लोकांना पूर्वीपासून होता. थिओबाल्ड स्मिथ या शास्त्रज्ञाने त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेले नाही. त्याने व त्याच्या सहकाऱ्याने ते पारखून पाहिले आणि १८९३ मध्ये सिद्ध करून प्रसिद्ध केले. आपल्या शेजारच्या कर्नाटकात १९५७ मध्ये क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्या तापाचा विषाणू शोधला व तो गोचिडींमार्फत पसरतो, हे उजेडात आणले. तोच ताप २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग भागात आढळला. आमच्या विदर्भात २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफस नावाचा ताप आला. तो गवतझुडपांतील अतिसूक्ष्म कीटकांच्या चाव्याने होतो. आमच्या घरातील पिसवा म्हणजे प्लेगच्या त्या पिसवा नव्हेत, हे मला कळत होते. तथापि या चिमुकल्या जीवांना क्षुद्र समजणे किती चुकीचे आहे, हेही कळून चुकले.

आषाढात मोती आजारी पडला. त्याने भाकरीला तोंड लावणे सोडले, अंग तापले, हिरड्या पांढुरक्या पडल्या आणि एके सकाळी त्याच्या नाकातून रक्त आले. आम्ही त्याला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि हा गोचिडीमुळे येणारा ताप असल्याचे सांगितले. चार आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. शिवाय मोतीच्या मानेवर टाकावयाचे थेंबांचे औषधही दिले. चार-पाच दिवसांत मोती उठून बसला. माझा आनंद गगनात मावेना.

आणि त्या आनंदाच्या भरात माझ्या हातून ती चूक घडली.

मणीच्या अंगावरही पिसवा होत्या. थेंबांच्या औषधाची एक नळी शिल्लक होती. मी विचार केला, जे कुत्र्याला चालते ते मांजराला का चालू नये? ती लहान, म्हणून मी अर्धीच नळी तिच्या मानेवर रिती केली आणि आपल्या काटकसरीवर खूष होऊन झोपी गेलो.

पहाटे नातीच्या हाकेने जाग आली. मणीचे सर्वांग थरथरत होते. कान फडफडत होते. उभी राहू पाहताच ती कोसळत होती. आम्ही तिला साबणाच्या कोमट पाण्याने धुतले, फडक्यात गुंडाळले आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी शिकस्त केली. परंतु रात्रभरात विष अंगात भिनले होते. सायंकाळी नातीच्या मांडीवर मणीने प्राण सोडला.

डॉक्टर मला रागे भरले नाहीत. त्यांनी फक्त औषधाचे खोके मागितले आणि त्यावरील बारीक अक्षरांवर बोट ठेवले. 'केवळ कुत्र्यांसाठी. मांजरांवर वापरू नये.' त्यात परमेथ्रिन नावाचे द्रव्य होते. कुत्र्याचे यकृत त्याचे विघटन करू शकते, मांजराचे करू शकत नाही. म्हणून कुत्र्याला जे औषध, तेच मांजराला विष ठरते.

पस्तीस वर्षे मी परीक्षेच्या दालनात उभा राहून सांगत आलो होतो, "मुलांनो, आधी सूचना दोनदा वाचा, मग लेखणी उचला." आणि स्वतः मी चार शब्द वाचले नव्हते! परतीच्या वाटेवर नात एकच वाक्य बोलली, "आजोबा, तुम्हांला तर वाचता येते ना?" त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी तिला सारे खरे सांगितले. चूक माझी होती, औषधाची नव्हे की डॉक्टरांचीही नव्हे, हे सांगितले. ती बराच वेळ रडली. मग तिने माझा हात धरला. आम्ही मणीला परसातील सीताफळीखाली पुरले.

दुसऱ्या दिवशी मी त्या वृद्ध गुराख्याकडे गेलो. म्हटले, "दादाजी, तुम्ही सांगितले ते मी ऐकले नाही. आता घर धुवायला चला." तो मुकाट्याने उठला. आम्ही तिघांनी मिळून आठ दिवस काम केले. मोतीच्या बिछान्याचे जुने तणस जाळून टाकले. सतरंज्या, गोधड्या, पडदे उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळविले. खाटा हलवून कानाकोपऱ्यांतील धूळ रोज झाडली आणि घरात न ठेवता दूर नेऊन टाकली. भिंतींच्या व जमिनीच्या भेगा लिंपून बुजविल्या. अंगणातील गवत कापले. फवाऱ्याचे औषध डॉक्टरांना विचारून, सूचना वाचून, माणसे व जनावरे बाहेर ठेवून मारले. कोशांतील पिसवा मागाहून निघत असल्यामुळे हेच काम काही आठवडे चालू ठेवावे लागले.

आता रोज सायंकाळी नात मोतीला कंगव्याने विंचरते. केसांतून काळे कण निघाले, की ती ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवते. तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा, न उमटला तर साधी माती. गोचीड दिसली, तर ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढते आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकते. बोटांनी चिरडत नाही. गोचिडीवर रॉकेल ओतणे किंवा तिला चटका देणे, हे गावचे जुने उपायही आम्ही सोडले. कारण त्यामुळे ती आपली दूषित लाळ जखमेत सोडण्याचा संभव असतो. शेतातील फवारणीचे औषध जनावराच्या अंगाला लावणे तर महाभयंकर. गावात कोणी तसे करू लागले, की मी काठी टेकीत तेथे जातो आणि मणीची गोष्ट सांगतो. ती सांगताना अजूनही माझा आवाज कापतो, तरी सांगतो.

पुढल्या वर्षी शेजारणीने मांजराचे एक पिल्लू देऊ केले. नातीने दोन दिवस विचार केला आणि ते घरी आणले. त्या दिवसापासून आमच्या घरी एक नवा नियम झाला आहे. औषधाची कोणतीही डबी आली, मग ती जनावराची असो वा माझ्या खोकल्याची, ती प्रथम नातीच्या हाती जाते. ती अक्षर न अक्षर मोठ्याने वाचते आणि मी समोर बसून, एखाद्या विद्यार्थ्यासारखा, लक्षपूर्वक ऐकतो.