आठवा प्रश्न

आमच्या घरात हळदीचा व्यापार तीन पिढ्यांचा. सांगलीच्या मार्केट यार्डातील आमच्या अडतीच्या दुकानाचे हिशेब मी लग्नानंतर बावीस वर्षे लिहीत आले. वयाच्या ४६ व्या वर्षी मी ‘ग्रूप फिटनेस इन्स्ट्रक्टर’ होण्याच्या अभ्यासक्रमाला नाव घातले, तेव्हा घरात कोणी विरोध केला नाही. मात्र कोणाला ते फारसे खरेही वाटले नाही. विरोध झाला असता तर काही उत्तर देता आले असते. सासूबाईंनी एवढेच विचारले, “हातपाय हलवायला शिकायचे काय असते गं?”

तोवर माझेही मत काही वेगळे नव्हते. कंबरदुखीमुळे सहा वर्षे मी घराजवळच्या व्यायामवर्गाला जात होते. तिथल्या शिक्षिकेच्या यजमानांची बदली झाली आणि आम्ही वीसजणी उघड्यावर पडलो. “तुला सगळे येते, तूच घे,” असे मैत्रिणींनी ठरवले. दोन आठवडे मी आठवेल तसा वर्ग घेतला. एके दिवशी एकीने विचारले, “माझा खांदा वर जात नाही, मग मी हे कसे करू?” मला उत्तर देता आले नाही. “होईल तेवढे करा,” म्हणून मी वेळ मारून नेली. घरी येईपर्यंत ते वाक्य मला टोचत राहिले. दुकानात गिऱ्हाइकाने मालाची प्रत विचारावी आणि आपण ‘बघा, आवडला तर घ्या’ म्हणावे, असेच ते झाले होते.

अभ्यासक्रम पुण्यात, चार महिने, एकाआड एक शनिवार-रविवार. राहायला धाकट्या बहिणीकडे. वर्गात सगळी विशीतली मुले-मुली. त्यांच्या अंड्यांच्या आणि प्रोटीन पावडरीच्या गप्पांत मी माझा डबा सूर्यास्तापूर्वी संपवून मोकळी होत असे. पहिले दोन दिवस त्यांना गंमत वाटली, तिसऱ्या दिवसापासून माझ्या मेथीच्या ठेपल्यांना मागणी आली.

स्नायू, सांधे, हृदयाचे ठोके हा पुस्तकी भाग मला जड गेला नाही. जड गेले ते मोजणे. समूहवर्गाचे संगीत आठ-आठ ठोक्यांत बांधलेले असते. असे चार आठ मिळून बत्तीस ठोक्यांचा एक तुकडा होतो आणि नवी हालचाल शक्यतो त्याच्या आरंभी सुरू करायची असते. पण ती सांगायची मात्र आधी, आठ संपायला तीन-चार ठोके उरलेले असताना. म्हणजे ऐकणारीला समजून घ्यायला अवधी मिळतो. शिवाय मोजायचे उलटे : आठ, सात, सहा, पाच. किती झाले यापेक्षा किती उरले हे दमलेल्या माणसाला कळावे, म्हणून. मी रात्री घरात उलटे आकडे पुटपुटत फिरू लागले, तेव्हा हे म्हणाले, “आपल्याकडे मोजणी ‘लाभ’पासून सुरू होते आणि वर जाते. तू भांडवल खाली आणते आहेस.” बाजारात पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची जुनी रीत आहे, ती त्यांना अजून प्रिय आहे.

त्याहून अवघड होते तोंड फिरवणे. मागे बसून शिकणाऱ्याला शिक्षक आरशात पाहतो आहे की आपल्याकडे, हे फारसे कळत नाही. आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी खोलीतल्या आरशावर पडदा ओढला आणि १९६९ सालची गोष्ट सांगितली. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एव्हन्स्टन गावी जूडी शेपर्ड मिसेट ही नर्तकी नृत्य शिकवत असे. सामान्य घरातल्या बायका येत आणि थोड्याच दिवसांत सोडून जात. त्यांना नर्तकी व्हायचे नव्हते, व्यायाम हवा होता, आणि आरशातले स्वतःचे रूप पाहून त्या खचत होत्या. तिने त्यांची तोंडे आरशापासून फिरवली. पुढे जगभर पसरलेल्या ‘जॅझरसाइज’चा तो आरंभ. आता वर्गाकडे तोंड करून उभे राहिले की स्वतःची डावी-उजवी उलटी करावी लागते. तोंडाने ‘उजवीकडे’ म्हणायचे आणि आपला पाय डावीकडे टाकायचा. वाचायला सोपे आहे. मला जमायला पाच आठवडे लागले, आणि त्या अवधीत मी समोरच्या मुलांना कितीदा एकमेकांवर आदळवले त्याचा हिशेब मी ठेवला नाही.

प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. रबरी पुतळ्याच्या छातीवर तीस वेळा दाब, मग दोन श्वास; दाबाचा वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस. तो वेग माझ्या हातांना लगेच सापडला, कारण संथ वर्गाच्या संगीताचाही वेग जवळजवळ तोच. पुतळ्यावरून उठताना मात्र माझे हात कापत होते.

वर्गाला येणाऱ्या प्रत्येकीकडून आरंभी सात प्रश्नांचा एक कागद भरून घेतात. हृदयविकार आहे का, श्रमाने छातीत दुखते का, महिन्याभरात विश्रांतीतही दुखले का, चक्कर येते का किंवा शुद्ध हरपते का, हाडासांध्याची तक्रार आहे का, रक्तदाबाचे अथवा हृदयाचे औषध चालू आहे का, आणि व्यायाम करू नये असे अन्य काही कारण आहे का. एकही ‘होय’ आले तर आधी डॉक्टरांचा सल्ला. निदान करायचे नाही, औषध सांगायचे नाही, पथ्य लिहून द्यायचे नाही. शिक्षकाची हद्द तिथे संपते. हे मला पूर्ण पटले होते. दुकानात येता-जाता लोक मला गुडघ्याला कोणते तेल लावू असे विचारू लागले होते, त्यांना मी ठामपणे नाही म्हणत असे. कागदाच्या बाबतीत आपण चोख आहोत, असा मला थोडा अभिमानही झाला होता.

प्रशिक्षणाचा भाग म्हणून दहा सराववर्ग घेऊन त्यांची नोंदवही दाखवायची होती. प्रत्येक वर्गाला किमान आठजणी हव्यात. दुकानाच्या माडीवर पोती हलवून मी जागा केली. श्रावणातल्या एका संध्याकाळी सातच जमल्या. माझी अडचण पाहून मोठ्या जाऊबाई, आमच्या आक्का, “मी उभी राहते गं” म्हणत वर आल्या. त्यांचा कागद आठवड्यापूर्वीच भरला होता. सातही प्रश्नांना ‘नाही’, आणि ते अगदी खरे होते.

माडीवर आरसा नाही, पण जुन्या चोपड्यांचे काचेच्या दारांचे कपाट आहे. त्या दिवशी मी बायकांकडे तोंड करूनच उभी होते आणि तरीही त्यांच्या डोक्यांवरून पलीकडच्या त्या काचेत स्वतःला पाहत होते. हात सरळ जातो आहे, ठोका चुकत नाही, डावे-उजवे बरोबर जमते आहे. मला फार बरे वाटत होते. गुडघे उचलण्याची फेरी चालू होती. मागच्या ओळीत आक्कांनी भिंतीला हात लावला. तो मला दिसला. दिसला तरी मी तो पाहिला नाही. “छान! अजून आठ!” असे मी ओरडले. सहाव्या आकड्याला त्या खाली बसल्या आणि मग आडव्या झाल्या.

शुद्ध गेली नव्हती. आम्ही पाय उंच केले, वारा घातला, गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावले. मी पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा त्यांनी मान फिरवली. “नको. आज अष्टमी.” सकाळपासून निर्जल उपवास होता. हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते, कारण आक्का आपले उपवास कधी बोलून दाखवत नाहीत. रक्तदाब उतरला होता. डॉक्टरांनी पाणी घेण्याचा आग्रह केला, तो त्यांनी मानला नाही. तेव्हा रात्रभर जवळ बसा आणि जरा बिघडल्यासारखे वाटले तर दवाखान्यात आणा, असे बजावून ते गेले. ती रात्र मी त्यांच्या उशाशी काढली. त्यांचा नेम त्यांचा होता, चूक माझी होती. पहाटे त्यांनी डोळे उघडून मला पाहिले आणि “तू झोपली नाहीस?” असे विचारले, तेव्हा मला रडू आले.

दुसऱ्या दिवशी दुकानात दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, माझ्यासमोर रोजकीर्द ठेवली आणि काही न बोलता ते गादीवर जाऊन बसले. आमच्या घरात एवढे पुरते.

पुण्याच्या बाईंना मी सारे लिहून कळवले. उपवासाचा प्रश्न त्या कागदावर नाही, असेही लिहिले. तो माझा बचाव होता. त्यांनी फोन करून एकच विचारले, “त्या वेळी तुम्ही कुठे पाहत होता?” मी खरे ते सांगितले. त्या म्हणाल्या, “कागद माणसाच्या प्रकृतीबद्दल विचारतो. आजच्या दिवसाबद्दल दारात शिक्षिकेने विचारायचे असते.” तो वर्ग त्यांनी नोंदवहीत धरला नाही.

तीन आठवडे माडीवर कोणी गेले नाही. पोती परत आपल्या जागी आली होती. मग एका दुपारी आक्का दुकानात येऊन दादांच्या देखत म्हणाल्या, “हिला अजून चार वर्ग भरायचे आहेत. हमालांना सांगा, माडी मोकळी करा.” दादांनी चष्मा पुसला आणि हमालाला हाक मारली.

मी कागदाला आठवा प्रश्न जोडला : आज उपवास किंवा एकाशन आहे काय? आणि तिथेच नवा पेच उभा राहिला. बायका उत्तर देईनात. तप दहाजणींत सांगायचे नसते. एकीने तर ‘नाही’ लिहिले आणि तिची सून मला खुणेने ‘आहे’ म्हणाली. पुण्यात याला कोणाकडे तोड नव्हती. तोड आक्कांनी काढली. “विचारू नकोस. मागे चार खुर्च्या ठेव. जिला वाटेल ती बसेल. का बसली, हे कोणी विचारायचे नाही.” उपवास असो, गुडघा असो, रात्री झोप झालेली नसो; खुर्चीवरच्या बायकांसाठी मी वेगळा क्रम बसवला : खांदे, मनगटे, घोटे, संथ श्वास, आणि तेवढेही नको असेल तर नुसते बसणे. बोलता येण्याइतकीच धाप लागावी, ही कसोटी आता मी प्रत्येकीला मधूनच नाव घेऊन हाक मारून लावते. ‘ओ’ तुटक आली की वेग उतरवते.

परीक्षा पार पडली. लेखी तीन तासांची होती. प्रात्यक्षिकाला परीक्षक स्वतः विद्यार्थ्यांत मिसळून मागच्या ओळीत उभे राहिले आणि मुद्दाम एक पाय ओढत चालू लागले. मला ते दुसऱ्याच आठात दिसले. प्रमाणपत्राचे दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ते माडीवर, चोपड्यांच्या कपाटाशेजारी टांगले आहे. कपाटाच्या काचांना आक्कांनी आतून खाकी कागद लावून टाकला.

वर्ग साडेचारला सुरू होतो, म्हणजे सगळ्या घरी जाऊन वेळेत जेवतात. परवा अष्टमीला आक्का नेहमीप्रमाणे सर्वांच्या आधी आल्या, चपला कोपऱ्यात ठेवल्या आणि थेट खुर्चीवर बसल्या. त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून सासूबाईही बसल्या. त्या आजवर जिना चढून कधी आल्या नव्हत्या. मी काही विचारले नाही. संगीत लावले आणि मोजायला सुरुवात केली, आठापासून खाली.