पडणाऱ्याचा वाटा

रविवार, सकाळचा सराव आटोपून.

आज पुन्हा ज्युदोतला गोनोसेन नो काता, म्हणजे प्रतिडावांचा ठरीव सराव. १२ डाव, १२ प्रतिडाव, सगळा क्रम आधीच ठरलेला. ज्युदोची मूळ संस्था असलेल्या कोदोकानच्या अधिकृत कातांमध्ये याला जागा नाही. युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, तो जपानी ज्युदोशिक्षक कावाईशींमुळे रुजला.

ओसोतोगारी या पाय मागून झाडायच्या डावाला उत्तर ओसोतोगारीचंच. जोडीदाराचा उजवा पाय माझ्या उजव्या पायामागे आला, की डावं पाऊल मागे टाकून त्याचा जोर जिरवायचा आणि त्याचाच पाय झाडायचा. देआशीबाराईत, म्हणजे पुढे येणारं पाऊल झाडायच्या डावात, गंमत आणखी बारीक. त्याचा तळवा घोट्याला लागतो न लागतो तोच गुडघा वाकवून पाय उचलायचा, त्याची झाडणी रिकामी जाऊ द्यायची आणि त्याचा तोच पाय त्याच दिशेने पुढे लोटायचा. लवकर उचलला तर त्याची चालच पुरी होत नाही. उशीर झाला तर आपली पाठ मॅटवर.

होळकरांच्या या इंदुरात कुस्तीचा शौक जुना. आखाड्यात प्रत्येक डावाची तोड शिकवतातच, त्यामुळे इंदुरी पोरांना हे परकं वाटत नाही. जड जातं ते एवढंच, की कातात जिंकायचं नसतं. आपण पडणार हे ठाऊक असल्याने जोडीदार हल्ला अर्धाच करतो, आणि मग माझं उत्तरही नाटकी होतं. आज त्याला म्हटलं, “भिया, खरंच पाड मला.” त्याने मनापासून चाल केली आणि काता एकदम जिवंत झाला.

प्रतिडावाचं श्रेय पाडणाऱ्याला मिळतं, पण त्यातला निम्मा वाटा इमानाने हल्ला करणाऱ्याचा. पुढच्या सरावात पडायचं काम मी मागून घेणार आहे.